निर्वातातला कापूर

सूर्यकांतने दोन्ही वाट्या उचलल्या. एकीखाली पांढरे बटण होते, दुसरीखाली काळे. काळे आसावरीचे होते, पांढरे नव्या कामगार त्रिविक्रमचे.

“परत?” तो म्हणाला.

“वास आहे,” आसावरी म्हणाली. “आधी कापूर. मागे लवंग.”

“वाळ्याच्या तेलात लवंग?”

“मी टाकलेली नाही.”

बटणांचा नियम या दोघांनीच केला होता. पुण्यात एका वर्गात शिकलेले सूर्यकांत आणि आसावरी कन्नड मुलखातल्या महादेवपुऱ्यात वाळ्याचे तेल शुद्ध करण्याचा छोटा कारखाना चालवत. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे एक जुनी गल्ली शिल्लक राहिली होती, तिच्या टोकाला त्यांची शेड होती. मालकी सूर्यकांतची, नाक आसावरीचे. कोणतीही बॅच बाहेर जाण्याआधी दोन माणसांनी कागदी पट्टीवरचा थेंब हुंगायचा आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या वाटीखाली बटण ठेवायचे. पांढरे म्हणजे जाऊ दे, काळे म्हणजे थांबव. दोन्ही पांढरी असल्याशिवाय डबा भरला जात नसे. तेलातले घटक वेगळे करून दाखवणारे तपासणीचे यंत्र त्यांच्याकडे होते, पण गिऱ्हाईक तेल यंत्राने नाही, नाकाने विकत घेत असे.

“हे बघ,” सूर्यकांतने खुर्ची ओढली. “यंत्राला कापूर दिसत नाही. त्रिविक्रमला वास येत नाही. राहिलं कोण?”

“मी.”

“आणि तू तापातून उठली आहेस.”

हा हिशेब आसावरीने आधीच केला होता. ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले होते, काही लोकांचा वास जातो, काहींना नसलेले वास येऊ लागतात. कुणाचे किती दिवसांत बरे होईल ते सांगता येत नाही. काहींचे होत नाही. गाणाऱ्याचा गळा गेला तर तो शिकवू तरी शकतो. ज्या माणसाला नसलेला कापूर येतो, त्याच्या हातात कागदाची पट्टी कोणी देत नाही. तिला दुसरे काम येत नव्हते, आणि यावे असे कधी वाटलेही नव्हते.

आसावरी त्याच तापात असताना जयतीर्थ अण्णा वारले. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून तेच तेल शुद्ध करायचे यंत्र चालवत आणि दुसरे नाकही त्यांचेच असे. जयनगरच्या आपल्या घरी झोपेतच गेले. आसावरीला अंथरुणातून उठता येत नव्हते, ती समाचाराला जाऊ शकली नाही. ती कामावर परतली तेव्हा यंत्रापाशी अण्णांचा मुलगा त्रिविक्रम उभा होता. तो आधी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. सूर्यकांतने त्याची परीक्षा घेतली तर त्याने बापासारखेच वास अचूक ओळखले, म्हणून त्याला ठेवून घेतले. बापासारखाच तो कमी बोलत असे. केस मात्र दाट होते. अण्णांना टक्कल होते.

पहिल्याच दिवशी आसावरीला कापूर आला.

यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचे स्टीलचे नळकांडे. त्यातली हवा पंपाने काढून घ्यायची, इतकी की आत जवळजवळ काही उरू नये. मग वरून तेल सोडायचे. फिरणारी पाती ते गरम भिंतीवर पातळ पसरवतात. तिथे तेल उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत. हलका रेणू भिंतीवरून सुटतो आणि दोन-तीन बोटांवर असलेल्या थंड नळीवर जाऊन बसतो. वाटेत त्याला अडवायला हवेचा दुसरा रेणू नसतो. वाळ्याच्या तेलात शेकडो घटक असतात. त्यातले जळके, जड असतात ते खाली राहतात, हवे ते थंड नळीवरून ओघळून बाटलीत येतात. जे फारच हलके असते ते नळीलाही चुकवून पंपाकडे धावते. त्याच्यासाठी वाटेत द्रव नायट्रोजनने गार केलेला सापळा असतो. सुटलेला रेणू परत येत नाही, यावरच ही सारी पद्धत उभी आहे.

“एक काम करू,” सूर्यकांत म्हणाला. “डोळे मिटून परीक्षा. पाच पट्ट्या. चार कोऱ्या, एकीला सापळ्यात साचलंय त्याचा थेंब. तिथेच सगळ्यात हलकं गोळा होतं. तिथे कापूर नसेल तर कुठेच नाही. तू ओळखलंस तर मी गप्प.”

“नाही ओळखलं तर?”

“तर सुट्टी. तोंड असं करू नकोस, सुट्टी म्हणतोय.”

त्रिविक्रमला बाहेर पाठवून त्याने तिला बसवले. आसावरीने चौथ्या पट्टीपाशी हात वर केला. सूर्यकांतने क्रम बदलला आणि त्रिविक्रमला आत बोलावून तिला बाहेर पाठवले. काचेच्या खिडकीतून तिला दिसले, त्रिविक्रमने पट्ट्या एकेक करून नाकापाशी नेल्या, दुसरीवर थांबला, आणि ती इतरांपासून वेगळी ठेवली.

सूर्यकांतने दार उघडले. “आत ये. तीच.”

आसावरी त्रिविक्रमसमोर बसली. “तुला येत होता. मग पांढरं बटण का ठेवत होतास?”

“तुम्ही काय सांगितलंत, अक्का? खराब वास असेल तर काळं.” त्याने खांदे वर केले. “हा खराब नाही. आमच्या घरचा आहे. तीर्थाचा.”

“आणि ती पंधरा दिवस स्वतःचं नाक कापून घ्यायच्या तयारीत होती,” सूर्यकांत म्हणाला.

“मला कुणी विचारलं नाही, सर.” वडिलांना तो अप्पा म्हणे. “अप्पा इथं येतात असं वाटलं. ते बटण काळं कसं ठेवू?”

सूर्यकांतला हसू आले होते, ते त्याने आवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसावरी जयनगरला गेली. अण्णांच्या पत्नी कावेरीअक्कांनी दार उघडले. अशी माध्व वैष्णव कुटुंबे पिढ्यान्पिढ्या इथलीच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड.

“पुण्याच्या मॅडम ना? या. चप्पल तिथंच राहू द्या, मांजर नेत नाही.”

आसावरीने न आल्याबद्दल बोलायला सुरुवात केली. कावेरीअक्कांनी ते मध्येच थांबवले.

“ताप होता, कळलं. बसा. तुमच्याकडं लागल्यापासून यांनी गंध सोडलं, उदबत्ती सोडली. मला म्हणाले, तू मोगरा माळायचा तर संध्याकाळी माळ. सकाळी माझ्याजवळ उभे राहायचे नाहीत.”

“मीच सांगितलं होतं. वासाचं काही फाटकाच्या आत आणायचं नाही म्हणून.”

“तुम्ही सांगितलेलं ऐकलं. माझं एक ऐकलं असेल तर शपथ.”

त्रिविक्रम पूजा आटोपून पंचपात्र घेऊन आला. आसावरीने ओंजळ पुढे केली, त्याने पळीभर तीर्थ घातले. ते ओठाशी नेण्याआधीच तिला कळले. आधी कापूर, मागे लवंग, आणि सर्वांत खाली तुळशीचा हिरवटपणा, जो यंत्रातल्या वासात नव्हता. तिने तीर्थ घेतले आणि हात रुमालाला पुसला. कावेरीअक्कांनी त्या रुमालाकडे पाहिले.

“अण्णा हे कामावर आणायचे?”

“लहान बाटलीत,” कावेरीअक्का म्हणाल्या. “मशीनला आधी, मग काम.”

“मशीनला म्हणजे?”

“तेल ओततात तिथं. स्वल्प. एक पळी.”

“पण मी त्यांना सांगितलं होतं, वासाचं काही—”

“तीर्थाला सेंट म्हणतं का कुणी?” कावेरीअक्का खरोखरच गोंधळल्या होत्या. “तुम्ही सेंट नको म्हणालात. त्यांनी आणलं नाही.”

परतताना आसावरीने सगळे जुळवून पाहिले. पळीभर तीर्थ तेलात पडले की निर्वातात त्यातले पाणी आणि कापूर सर्वांत आधी निघून जाणार. बरेचसे सापळ्यात गोठणार, थोडे सुटून पंपाच्या तेलात विरघळणार. अण्णा काटकसरी होते. पंपाचे तेल बदलण्याऐवजी गाळून पुन्हा भरत. त्यामुळे ते सगळे तिथे साठत गेले. अण्णा सापळ्यातला नायट्रोजन कधी कमी होऊ देत नसत, म्हणून पंपातून मागे काही येऊ शकत नव्हते. आता तो भरायला इतर लोक होते आणि ते विसरत. सापळा कोमट झाला की पंपातले रेणू उलट्या वाटेने यंत्रात चढत होते. आजवर अर्पण केलेले सारे परत येत होते, आणि ते अडवणारा माणूसच नव्हता.

तिला आनंद झाला. ऑटोत बसून ती एकटीच हसली. नाक शाबूत होते.

पंपाचे तेल बदलायचे ठरले. इथल्याच शिवाजीनगरच्या ज्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्तीला जाई, तिथला मेकॅनिक नवे सील घेऊन आला. त्रिविक्रमने बोल्ट सैल केले. तेल काळपट तपकिरी होऊन बाहेर आले, आणि शेडमध्ये देवघराचा वास सुटला. आता तो सूर्यकांतलाही आला. मेकॅनिकने मान वर करून विचारले, इथे पूजा आहे का.

“हे कुठं जाणार?” त्रिविक्रमने पिंपाकडे बोट दाखवले.

“जळकं तेल नेणाऱ्याकडे,” सूर्यकांत म्हणाला. “तुला हवंय का थोडं?”

त्याने थट्टेत विचारले नव्हते. त्रिविक्रमने पिंपात वाकून पाहिले.

“नको. घरी आहे की रोजचं.”

पंप धुतला, नवे तेल भरले, नळकांडे रिकामेच तापवून निर्वातात ठेवले, सापळा घासून वाळवला. सापळ्यातला नायट्रोजन यापुढे आसावरीने स्वतः पाहायचा असे ठरले. मग नवी बॅच घेतली. तेल फिकट पिवळे, स्वच्छ आले. तपासणीचे यंत्र म्हणाले, उत्तम.

आसावरीने पट्टी नाकाशी नेली.

कापूर. मागे लवंग.

तिने पट्टी खाली ठेवली, पुन्हा उचलली. दार उघडून थोडी हवा आत येऊ दिली आणि पुन्हा हुंगली. मग काळे बटण वाटीखाली सरकवले. त्रिविक्रमच्या वाटीखाली पांढरे निघाले.

“खरं सांग,” सूर्यकांत त्याला म्हणाला. “घरचा, बाहेरचा, चांगला, वाईट. कुठलाही येतोय?”

“नाही सर. फक्त वाळा. या वेळी खरंच नाही.”

“बरं. परत पाच पट्ट्या. तूच धर.”

त्रिविक्रम आसावरीच्या शेजारी उभा राहून एकेक पट्टी तिच्यासमोर धरू लागला. पहिलीवर तिला कापूर आला. दुसरीवर आला. पाचही पट्ट्यांवर आला. तिने तसे सांगितले. खोटे सांगायचा विचार तिला तिसऱ्या पट्टीपाशी शिवून गेला होता, पण कोणती पट्टी खरी हे माहीत नसताना खोटेही सांगता येत नव्हते.

सूर्यकांतने खिशातून पट्ट्यांचे पाकीट काढले. नुकतेच फोडलेले होते. “पाचही कोऱ्या होत्या, आसावरी.”

आसावरीने एक पट्टी उलटून पाहिली.

“आधीचं खरं होतं,” सूर्यकांत म्हणाला. “ते मी स्वतः हुंगलं. पण आता ते यंत्रात नाहीये.” त्याने पाकीट परत खिशात ठेवले. “तुझं काम इथे राहीलच. हिशेब आहेत, गिऱ्हाइकांशी बोलणं आहे. नाक काही दिवस दुसरं कुणी.”

“काही दिवस,” आसावरी म्हणाली.

ती उठून बाहेर गल्लीत गेली. समोरच्या टपरीवर कॉफी उकळत होती, कोणीतरी लोखंड कापत होते, गटार उघडे होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. काय काय गमावले याची मोजणी करायला म्हणून तिने एक दीर्घ श्वास घेतला. कॉफी आली. चिकोरी जास्त होती. कापलेल्या लोखंडाचा करपट वास आला. गटार आले. कापूर नव्हता.

तिने पुन्हा श्वास घेतला. कापूर नव्हता.

सूर्यकांत तिला शोधत बाहेर आला. त्याच्या शर्टाला पाच पट्ट्यांच्या पाकिटाचा कागदी वास होता आणि घामाचा. कापूर नव्हता.

“रडते आहेस का?”

“गप्प बस जरा.”

मग मागून त्रिविक्रम आला, तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन, आणि त्याच्याबरोबर कापूर आला. मागे लवंग.

“इकडे ये,” आसावरी म्हणाली. “डोकं खाली कर.”

“अक्का?”

“कर रे.”

तो वाकला. टपरीवाला बघू लागला. तिने त्याच्या केसांजवळ नाक नेले आणि डोळे मिटले. कापूर, लवंग, आणि खाली तुळस. ती तीर्थातही होती.

“सकाळी तीर्थ घेतल्यावर हात कुठे पुसतोस?”

“पुसतो म्हणजे? डोक्यावर फिरवतो. तीर्थाचा हात कुणी फडक्याला पुसतं का?” मग त्याला तिचा रुमाल आठवला असावा. “म्हणजे, तुमच्यात पुसत असतील.”

सूर्यकांतला आधी काही समजले नाही. समजल्यावर त्याने भिंतीवर हात आपटला. “याच्या डोक्यात आहे. आणि हा शेजारी उभा राहून पट्ट्या धरतोय.”

“त्याला येत नाही, कारण तो लहानपणापासून त्यातच आहे,” आसावरी म्हणाली. “यंत्रातून येणारा दाट होता म्हणून तेवढा कळला. अण्णांना टक्कल होतं, म्हणून त्यांच्या अंगाला कधी आला नाही.” तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता. “त्रिविक्रम, डोकं धुऊन ये. तो बिनवासाचा साबण आहे ना नळापाशी, त्याने. आणि यापुढे रोज इथे आल्यावर आधी डोकं.”

“सरी अक्का,” त्याने होकार दिला.

“तीर्थ सोड म्हणत नाहीये मी.”

“कळलं.”

त्याने शेडमागच्या नळाखाली डोके धरले. बराच वेळ धुतले. साबण पुन्हा पुन्हा लावलेला आसावरीला दिसला. मग तो केस निथळत आत आला. सूर्यकांतने त्याच बॅचच्या नव्या पट्ट्या भिजवल्या आणि दोघांना दोन टोकांना बसवले.

आसावरीने पट्टी नाकाशी धरली. वाळा. ओली माती, मग लाकूड, मग अगदी शेवटी किंचित धूर, जो चांगल्या तेलात असायलाच हवा. त्यापलीकडे काही नाही. तिने घाई केली नाही. पट्टीचे दुसरे टोक हुंगले, मनगट हुंगले, खोलीची हवा हुंगली. सगळीकडे जे असायला हवे तेच होते. तिने पांढरे बटण सरकवले.

सूर्यकांतने तिची वाटी उचलली आणि मान डोलावली. मग दुसरी उचलली.

काळे होते.

“हे काय आता?” तो म्हणाला.

त्रिविक्रम पट्टीकडे बघत होता. केसांतले पाणी टेबलावर ठिबकत होते. “आहे,” तो म्हणाला. “कापूर. आता येतोय.”

आसावरीने त्याची पट्टी घेऊन हुंगली. वाळा होता. तिने सूर्यकांतकडे पाहून मान हलवली. सूर्यकांतने पाकिटातून एक कोरी पट्टी काढली आणि काही न सांगता त्रिविक्रमच्या हातात दिली. त्याने ती नाकाशी नेली.

“याच्यावरही आहे.”

त्याला काय झाले ते आसावरीला लगेच कळले. सवयीचा वास डोक्यावरून धुऊन गेला आणि नाक तो नसलेल्या ठिकाणी हुंगू लागले. थोड्या वेळापूर्वी कोऱ्या पट्टीवर वास येणारी ती स्वतः होती. तिने काय सांगावे याची सूर्यकांत वाट पाहत होता. मलाही येतोय, असे ती म्हणाली असती तर बॅच थांबली असती, त्रिविक्रम एकटा पडला नसता, आणि तिचे नाक पुन्हा संशयात आले असते.

“अक्का,” त्रिविक्रमने विचारले, “तुम्हाला खरंच नाही येत?”

“नाही.”

“स्वल्पसुद्धा नाही?”

“नाही, त्रिविक्रम.”

त्याने मान डोलावली. रागावला नाही. दोन्ही बटणे उचलून त्याने डबीत ठेवली. उद्यापासून दुसऱ्या नाकासाठी कुणाला तरी शोधावे लागेल, असे सूर्यकांत हळूच म्हणाला. काही दिवस, असेही म्हणाला.

“मशीन बंद करू ना?” त्रिविक्रमने विचारले.

“कर.”

यंत्र बंद करताना आधी पंप थांबवतात, मग तळाशी असलेली हवेची तोटी हळूहळू उघडतात. बाहेरची हवा शिट्टी वाजवत आत शिरते आणि निर्वात भरून निघतो. आसावरीने काचेतून पाहिले. त्रिविक्रमने तोटी उघडली आणि तो तिथेच गुडघ्यांवर बसला. ओले केस कपाळाला चिकटले होते. त्याने चेहरा तोटीच्या तोंडाजवळ नेला, अगदी जवळ, आणि श्वास घेऊ लागला.

तिथून बाहेर काहीच येत नाही. सगळी हवा आत जात असते. हे त्याला तिच्याइतकेच माहीत होते. शिट्टी बारीक होत थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि थांबल्यावरही उठला नाही. आसावरी दारापर्यंत गेली. हाक मारावी की नाही ते तिला ठरवता येईना, तेव्हा ती तिथेच उभी राहिली.